पाठीआडून

१

शिक्केवाल्याच्या बायकोचं अंग म्हणजे फळा होता. हे कुणी तिला चिडवायला म्हणत नसे. ती स्वतःच सांगायची, तेही भर वर्गात. ती शाळेत विज्ञान शिकवायची. ऊती आणि त्वचेचा धडा आला की खडू बाजूला ठेवायची, बाही कोपरापर्यंत सारायची आणि पेनाच्या टोपणानं हातावर रेघा ओढायची. आधी काहीच दिसायचं नाही. पोरं माना लांब करून बघत बसायची. मग रेघा लाल व्हायच्या, फुगायच्या, आणि हातावर त्वचेचा सगळा छेद उभा राहायचा: वरचा पातळ थर, खालचा जाड थर, घामाची ग्रंथी, केसाचं मूळ.

"त्वचा म्हणजे सामान भरायची पिशवी नव्हे," ती म्हणायची. "चारही प्रकारच्या ऊती आहेत तिच्यात. तिला कळतं. बाहेरून कुणी हात लावला की ती आतून उत्तर देते. हे बघा, मला देतेय."

अर्ध्या तासात फळा आपोआप पुसला जाई. काहींची कातडी असतेच अशी, जरा ओरखडलं की वळ उठतात. त्रास म्हणाल तर थोडी खाज, बाकी काही नाही. लग्न ठरताना तिनं हे त्याला आधीच सांगून टाकलं होतं. त्यानं तिच्या मनगटावर नखानं एक गोल काढला, तो उमटेपर्यंत श्वास रोखून बसला आणि म्हणाला, "बाई, आपलं जमणार." शाळेत सगळे तिला 'बाई' म्हणत, म्हणून तोही बाईच म्हणाला आणि तेच पुढे चिकटलं.

त्याचं 'जमणार' म्हणणं उगाच नव्हतं. उमटवणं हाच त्याचा धंदा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. शाळा, दवाखाने, वकील, गोदामवाले, सगळे त्याच्याकडे यायचे. शिक्क्यावर अक्षर उलटं असावं लागतं, तरच ते कागदावर सरळ उमटतं. वडिलांच्या हाताखाली अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत तो हे शिकला. आता काम मशीनवर आलं तरी डोळ्यांची सवय तीच राहिली. सरळ मजकूर आणि उलटा मजकूर तो एकाच वेगानं वाचायचा, आणि कित्येकदा आपण उलटं वाचतोय हे त्याच्या ध्यानातही येत नसे. गिऱ्हाइकासमोर कच्चा शिक्का धरून "बघा, बरोबर आहे ना?" विचारायचा, आणि गिऱ्हाईक मान वाकडी करून करून दमायचं.

घरात तिसरी त्यांची मुलगी, मुंगी. नुकती पहिलीत जायला लागली होती. अक्षरं हाती लागल्यापासून दिसेल तिथे लिहीत सुटली होती. टेबलावरच्या धुळीत, आरशावरच्या वाफेवर, आणि एवढा चांगला फळा घरात असताना आईच्या अंगावर तर लिहायचीच.

२

रोज सकाळी अंघोळ झाली की बाई पलंगाच्या कडेला पाठ करून बसायची आणि तो तिला खाजेवरचं मलम लावायचा. तेवढ्यात दिवसाची कामं ठरायची. गॅस कुणी सांगायचा, मुंगीला शाळेतून कुणी आणायचं, नळाची गळती अजून किती दिवस सहन करायची.

"आज पाठीला नुसत्या मुंग्या आल्यात," ती म्हणाली.

"घरात एकच आहे आणि ती दात घासतेय," तो म्हणाला. त्यानं टॉवेल खाली सरकवला आणि त्याला हसू फुटलं. दोन खांद्यांच्या मधोमध ताज्या लाल वळांनी लिहिलं होतं: कोण.

"मुंगूताईंनी हजेरी लावलीय."

"काय लिहिलंय?"

"तूच बघ की."

ती उठली, कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि खांद्यावरून मागे वळून पाहिलं. "कोण. वा! अगदी काना-मात्रेसकट. आणि तिच्या वर्गाच्या बाई म्हणतात हिला मात्रा येत नाही."

दोघांनीही ते झटक्यात वाचलं. इथेच फसगत झाली, पण ते कळायला अजून अवकाश होता.

मुंगी टेबलाशी पाय हलवत दूध पीत बसली होती. त्यानं तिला विचारलं, "मुंगे, आईच्या पाठीवर कधी लिहिलंस गं?"

"मी नाही लिहिलं."

"मग कोण?"

"हो ना," मुंगी ओठावरचं दूध पुसत म्हणाली, "तेच विचारलंय ना त्यांनी."

दोघं पोट धरून हसली. दिवसभर दुकानात येईल त्याला त्यानं मुलीचं हजरजबाबी उत्तर ऐकवलं. गोदामवाल्याला तर दोनदा ऐकवलं.

३

बाईची थोरली बहीण शिवणकाम करायची. मुंगीची ही मावशी मापं घ्यायला घरी आली, तेव्हा टेप पाठीवर धरता धरता थबकली.

"हे काय गिचमिड काढून ठेवलंय गं पाठीवर?"

"गिचमिड काय? 'कोण' लिहिलंय," बाई म्हणाली. "रोज असतं ते आताशा. मुंगीचा उद्योग."

"कुठे कोण? मला तर ओ की ठो कळत नाहीये." मावशीनं चष्मा वर केला, खाली केला, मान वाकडी केली. "अगं, उलटं आहे हे. आरशात दिसतं तसं."

तो शेजारच्या खोलीतून आला. त्यानं पाहिलं, आणि त्याला ते पुन्हा सरळच वाचता आलं. इतर माणसं बघतात तसं बघायला त्याला मुद्दाम कष्ट घ्यावे लागले. ण-चा दांडा डावीकडे होता. को-चा काना क-च्या आधी होता. इतके दिवस तो उलटं अक्षर त्याच्या सवयीनं वाचत होता, आणि बाई तेच अक्षर आरशात सरळ झालेलं वाचत होती. घरातल्या दोन शहाण्या माणसांपैकी एकालाही ते जसं होतं तसं दिसलं नव्हतं.

"पोरं लिहितात असं," मावशी टेप गुंडाळत म्हणाली. "माझा थोरला दोन वर्षं सात उलटा काढायचा. आता पूल बांधतो. सांगायचं नाही कुणाला."

"डावं-उजवं पक्कं व्हायला वेळ लागतो या वयात," बाईनं शास्त्र सांगितलं, आणि दोघांचा जीव भांड्यात पडला.

"मी सरळच लिहिते," जमिनीवर चिंध्या जमवत बसलेली मुंगी म्हणाली. तिनं मावशीचा खडू घेतला आणि कापडाच्या तुकड्यावर 'मुंगी' लिहून दाखवलं. अक्षरं वेडीवाकडी होती, पण सगळी सरळ होती. मोठी माणसं तोवर बाह्यांच्या लांबीवर बोलायला लागली होती.

४

सुट्टी लागली तशी मुंगी मावशीकडे राहायला गेली. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. सकाळी मलमाचा डबा उघडताना शिक्केवाला मनातल्या मनात म्हणाला, चला, आता पाठ कोरी मिळेल.

त्यानं टॉवेल सरकवला. पाठीवर लिहिलं होतं: कोण आहे.

बाई उठून आरशाशी गेली आणि तिनंही वाचलं. नुसतं 'कोण' होतं तोवर तो एक सुटा शब्द होता, पोराटोरांचा खेळ होता. 'कोण आहे' हे माणूस घरात बसून विचारतं, दाराबाहेर चाहूल लागली की. त्याला ते वाचताना आवाज ऐकू आल्यासारखं झालं, आणि त्याचं बोट मलमाच्या डब्यातच राहिलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. त्यांनी पेनानं बाईच्या दंडावर रेघ ओढली, ती फुगताना कौतुकानं पाहिली. "तुमच्या त्वचेतल्या काही पेशी जरा जास्तच घाबरट आहेत. कुणी नुसता धक्का दिला तरी चोर चोर ओरडतात, मग सगळीकडे सूज. तेवढंच आहे हे."

"आणि अक्षरं?" त्यानं विचारलं.

"कशाला तरी टेकून बसत असतील. खुर्ची, पेटी, काहीतरी, ज्याच्यावर उठावाची अक्षरं आहेत. सरळ अक्षराला अंग टेकलं की अंगावर उलटं उमटणार. तुम्ही शिक्केवाले ना? तुम्हाला मी सांगायचं का हे?"

तो ओशाळला. ओशाळला आणि हलकाही झाला. डॉक्टरीणबाईंनी रोज एक घ्यायची म्हणून गोळ्या लिहून दिल्या. बाईनं त्या आणल्या आणि खणात ठेवून दिल्या. गोळीनं झोप येते, शिवाय शाळा उघडली की तिचा त्वचेचा धडा होता, आणि फळाच गेला तर शिकवणार कशावर?

५

घरात उठावाची अक्षरं शोधायला त्यानं सुरुवात केली. खुर्च्या उलट्या केल्या. पलंगाच्या पाटावरून हात फिरवला. गादी उचलली, जुन्या पेट्या माळ्यावरून खाली काढल्या. एका पेटीवर कंपनीचं नाव होतं, एका स्टुलाखाली नंबर होता. कुठला कारखाना खुर्चीच्या पाठीवर 'कोण आहे' असं ओतेल, हा प्रश्न त्याला पडला होता. तरी तो शोधत राहिला, कारण शोधणं थांबवलं की दुसरा विचार सुरू होत होता.

तो दुसरा विचार दुकानात आलाच. दुपारची वेळ होती. तो काचेच्या दारामागे टेबलाशी बसून रबराच्या कडा कापत होता. दारावर पेंटरनं बाहेरून दुकानाचं नाव रंगवलं होतं. आत बसणाऱ्याला ते कायम उलटं दिसायचं, आणि त्याला त्यात कधीच काही वावगं वाटलं नव्हतं. आज ऊन त्या अक्षरांतून आत आलं आणि तो बघत राहिला. पेंटर काचेच्या त्या बाजूला उभा राहिला होता, आणि आपण या बाजूला बसलोय. म्हणून उलटं.

त्यानं कात्री खाली ठेवली.

ज्याला अक्षर उलटं दिसतं तो लिहिणाऱ्याच्या पलीकडे असतो. एवढी साधी गोष्ट. जन्मभर याच्यावर पोट भरलं आणि आत्ता कळत होती.

मग तो स्वतःशी भांडला. पलीकडे म्हणजे कुठे? बाईचंच पुस्तक त्यानं कितीदा चाळलं होतं. त्वचेखाली चरबी, चरबीखाली स्नायू, मग बरगड्या, फुप्फुसं. सगळं एकमेकांना चिकटलेलं, कुठे बोट शिरायला फट नाही. कुणी असायला आधी जागा तर हवी, आणि तिथे जागाच नाही. हे त्यानं दोन-तीनदा मनाशी म्हटलं. इतक्यात दुकानाच्या मागच्या दारावर टकटक झाली. "कोण आहे?" म्हणून विचारायला त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि न विचारताच जाऊन कडी काढली.

६

मुंगी परत आली त्यानंतरची ही गोष्ट. दुकानात वीज गेली म्हणून तो दुपारीच घरी आला. घर शांत होतं. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

बाई पालथी झोपली होती. उकाड्यामुळे आणि खाजेमुळे पाठ उघडी होती. शेजारी मुंगी गुडघे मोडून बसली होती आणि जिभेचं टोक बाहेर काढून एका बोटानं आईच्या पाठीवर लिहीत होती. त्याला इतकं बरं वाटलं! म्हणजे हीच होती तर. रागवायचं की पोटाशी धरायचं, ते ठरेना.

मुंगीनं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायला लागली. तिनं लिहिलेलं हळूहळू वर आलं. मी. सरळ होतं. म वळणदार, वेलांटी जरा लांब.

मग त्याच्या खाली एक रेघ उठायला लागली. त्या जागेला कुणीही हात लावला नव्हता. रेघ उजवीकडून सुरू झाली आणि डावीकडे सरकत गेली. अक्षराच्या डोक्यावरची रेघ आपण डावीकडून ओढतो. ही पलीकडून बरोबर डावीकडूनच ओढली जात असणार. तिच्याखाली एकेक अक्षर लोंबायला लागलं, आणि त्यानं ते सवयीनं वाचून टाकलं. वाचायचं नव्हतं त्याला.

आत ये.

"मुंगे!"

"श्शू, आई झोपलीय," मुंगी कुजबुजली.

त्यानं तिला उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. "का लिहितेस तिथे? मी नाही लिहिलं म्हणाली होतीस ना?"

"मी कुठे लिहिते? मी नुसतं उत्तर देते. ते विचारतात कोण आहे, मग सांगायला नको का रे बाबा?"

"ते म्हणजे कोण?"

मुंगीनं खांदे उडवले. "आतले." मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ये ये म्हणतात, पण दारच सापडत नाही." आणि तिनं हवेत तळवा फिरवून दाखवला, अंधारात भिंतीवरचं बटण चाचपतात तसा.

आतून बाईनं जांभई देत विचारलं, "काय झालं हो? पाठीवर आज काही आहे का?"

तो आत गेला आणि अक्षरं विरेपर्यंत आरसा आणि तिच्या मधे उभा राहिला. "काही नाही," तो म्हणाला. "कोरी आहे."

७

गोळ्या सुरू झाल्या. त्यानं हट्टच धरला. बाई कुरकुरली, पण त्याचा चेहरा बघून जास्त वाद घातला नाही. मुंगीला सक्त ताकीद दिली: आईच्या पाठीला हात लावायचा नाही, शेजारी झोपायचं नाही. मुंगी रडली, रुसली, मग गप्प झाली.

पाठ खरंच कोरी झाली. सकाळी टॉवेल सरकवताना आधी त्याचे डोळे मिटायचे, मग ते मिटेनासे झाले. नळ दुरुस्त झाला. पेट्या माळ्यावर गेल्या.

एका सकाळी मलम लावताना बाई म्हणाली, "एक सांगू? घाबरू नका. थांबलेलं नाहीये ते."

"काय?"

"आधी सकाळचं जरा मुंग्या यायच्या आणि संपायचं. आता सारखं चाललेलं असतं. वर्गात शिकवताना, भाजी चिरताना. कुणीतरी लिहितंय, खोडतंय, परत लिहितंय. दिसत नाही, एवढंच."

त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या घाईत होत्या. "अहो, गोळीनं ओरखडा कसा थांबेल? ओरखड्यानंतरची सूज थांबते. वळ उठत नाहीत ना? मग झालं तर."

म्हणजे लिहिणारा तसाच होता. फक्त शाई काढून घेतली होती, आणि ती त्यानंच घेतली होती. आता काय लिहिलं जातंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं. निदान त्याला आणि बाईला तरी येत नव्हतं.

त्याच आठवड्यात एकदा तो दिवेलागणीला घरी आला. बाई शाळेतून दमून आली होती आणि कुशीवर डोळा लागला होता. खोलीत अजून दिवा लावलेला नव्हता. मुंगी पलंगावर होती. तिनं आईच्या पाठीला गाल लावला होता, दोन्ही पंजे पाठीवर टेकवले होते, डोळे मिटले होते. तो ओरडणार होता, पण त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. तळवे दिसत होते. बोटं दिसत नव्हती. तळवे जिथे संपत होते तिथून पुढे नुसती पाठ होती.

त्यानं झडप घालून तिला ओढलं. दिवा लावला. सगळी बोटं जागच्या जागी होती, ऊबदार, जराशी ओलसर. बाईच्या अंगावर सुती चादर होती, तिला चुण्या पडल्या होत्या. चुणीत गेली असतील बोटं. अंधार होता. तो दमलेला होता. त्यानं मुंगीचे हात पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिले आणि ती मुकाट्यानं बघू देत राहिली.

त्यानंतर मुंगी फार शहाण्यासारखी वागायला लागली. पाठीला हात लावेना, धुळीवर लिहीना. सांगितलं की बसायची, सांगितलं की जेवायची. मावशी आली तेव्हा म्हणाली, "किती समजूतदार झालीय गं ही! दृष्ट लागेल." बाईही खूश होती. तो मात्र नव्हता. लेक डोळ्यांसमोर होती, हाताशी होती, धडधाकट होती. आणि तरी तिला कुठेतरी विसरून आल्यासारखा त्याचा जीव दिवसभर टांगणीला लागलेला असायचा. गर्दीत बोट सुटल्यावर जसं होतं तसं. ही धास्ती तो कुणाला सांगणार?

८

"आज गोळी घेणार नाही मी," सुट्टीच्या दिवशी बाई म्हणाली. "कालही घेतली नव्हती. पाठ माझी आहे, तिच्यावर काय लिहिलंय ते मला कळायला नको? तुम्ही वाचा. आणि खरं सांगा या वेळी."

म्हणजे तिला ठाऊक होतं.

दुपारी लख्ख उजेडात ती खिडकीशी पलंगावर पालथी पडली. तो शेजारी बसला. बाहेरच्या खोलीत मुंगी चित्राला रंग देत होती; अर्ध्या उघड्या दारातून तिची पाठ आणि खुर्चीवरून लोंबणारे पाय दिसत होते.

पाठ भरायला लागली. एका जागी नाही, सगळीकडून. खांद्यांपासून कमरेपर्यंत ओळीच ओळी उठल्या, एकमेकींवर चढलेल्या, जुन्यावर नव्या. सगळ्यांत तेच दोन शब्द होते. आत ये, आत ये, आत ये. बाईची कातडी तापली होती. तिचे ओठ दाताखाली होते.

"वाचा ना."

"थांब जरा. लागत नाहीये नीट."

तो वरून खाली वाचत गेला. कमरेच्या जरा वर ते शब्द थांबले होते. म्हणजे बोलावणं थांबलं होतं. तिथे थोडी कोरी जागा होती आणि तिच्याखाली एका कोपऱ्यात वेगळं अक्षर होतं. बारीक, वेडंवाकडं, ओळ सोडून खाली घसरलेलं. उलटं तर होतंच. बाबा.

त्यानं दाराकडे पाहिलं. खुर्चीवरचे पाय हलत नव्हते.

"मुंगे," त्यानं हाक मारली. आवाज चिरकला. "मुंगूताईऽ!"

बाहेरून काही उत्तर आलं नाही. कागदावर खडू घासल्याचा आवाज मात्र थांबला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर, एरवी वळ उठायला लागतो तेवढा वेळही न घेता, 'बाबा'च्या खाली घाईघाईनं एक शब्द उठला.

आले.

"मुंगी!"

पुन्हा उठला, पहिल्यापेक्षा मोठा, खोल, जिथे जोर लागला तिथे पांढरा पडलेला. आले. त्याच्याखाली परत, अर्धाच, आणि मग सगळ्या अक्षरांवरून एक छोटा पंजा उमटला. पाचही बोटं पसरलेली, काचेला आतून लावतात तशी. पंजा तिथून हलला, वर गेला, बाजूला गेला. तो चाचपत होता.

"ओ का देत नाही ही पोरगी?" बाई उशीत तोंड खुपसून म्हणाली. "बघा ना काय करतेय."

दारात मुंगी उभी होती. हात व्यवस्थित समोर जुळवलेले, केस नीट, चेहऱ्यावर जरासं नवल. आपल्या दाराशी अनोळखी माणूस आलं की बघतात तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"कोण हवंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

बाईला हसू फुटलं. "अगं, बाबाला 'तुम्ही' काय म्हणतेस! मावशीनं शिकवलं वाटतं." ती हसली तशी पाठ हलली आणि पंजाही हलला.

दारातल्या मुलीला उत्तर द्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता, कारण कमरेजवळचे वळ आता फिके पडायला लागले होते. त्यानं बाईची पाठ डाव्या हातानं घट्ट धरली. उजव्या हाताच्या नखानं, जितका दाब देववेल तितका देऊन, तो त्या पंजाशेजारी लिहायला लागला. उजवीकडून डावीकडे, सगळी अक्षरं उलटी, पलीकडून सरळ वाचता येतील अशी. थांब. रडू नकोस. येतोय.

"काय लिहिताय?" बाईनं विचारलं. "मला काही कळत नाहीये."

"तुझ्यासाठी नाहीये," तो म्हणाला, आणि दोन्ही पंजे टेकवून तो दार शोधायला लागला.